लाजरं मूल: ओळखायचं कसं, बोलतं करायचं कसं

लाजऱ्या मुलाला बोलायचंच नसतं, हा समज आधी काढून टाका. त्याला बोलायचं असतं. पण आपलं चुकेल, लोक हसतील या धास्तीनं शब्द घशातच अडकतात. एकटं राहायला आवडणारं मूल निराळं, ते कोपऱ्यात चित्रं रंगवत निवांत बसतं. लाजरं मूल खेळणाऱ्या पोरांच्या कडेला ताटकळत राहतं, पण ‘मलाही घ्या’ म्हणत नाही.

बाकी खुणा म्हणजे खाली गेलेली नजर, लाल झालेले कान, घामेजलेले तळवे, शर्टाच्या बटणाशी चाळा. मोठ्या माणसांत हेच शिष्टपणासारखं दिसतं: फोन उचलत नाहीत, लग्नात ओळखीचं कुणी दिसलं की वाट बदलतात.

हे वळण काही अंशी जन्मजात. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज ऐकवले, हलती खेळणी दाखवली. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडलं आणि पुढे बुजरेपणा अशा बाळांत जास्त दिसला. पण सगळीच काही बुजरी झाली नाहीत.

घरचे नेमके कुठे चुकतात? पाहुण्यांनी नाव विचारलं की आई लगेच सांगून मोकळी होते, वर ‘आमचा जरा लाजाळूच आहे’ हेही जोडते. मुलाची सुटका होते आणि गप्प राहिलं की भागतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. त्यापेक्षा मनात पाच आकडे मोजा. एवढा वेळ फार लांब वाटतो, तरी थांबा. उत्तर आलं नाही तर प्रश्न बदला. ‘शाळा आवडते का?’ला मान हलवून भागतं. ‘पोहे घेणार की शिरा?’ला एक तरी शब्द लागतो.

मग पायऱ्या लावा. शेजारच्या काकूंना वाटी द्यायची आणि ‘आईनं दिलंय’ एवढंच म्हणायचं. त्यानंतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून एकच जिन्नस. साताऱ्यात असाल तर पुढची पायरी मोती चौकात: ‘पाव किलो कंदी पेढे द्या.’ संध्याकाळच्या गर्दीत नको, दुकान मोकळं असेल तेव्हा जा. शेवटी एसटी स्टँडची चौकशी खिडकी, ‘वाईची गाडी कुठे लागते?’ तुम्ही चार पावलं मागे उभे राहा.

प्रत्येक वेळी भीतीला दहापैकी किती गुण, ते विचारा. सातावरून तीनावर येईपर्यंत तीच पायरी, आठवड्यातून तीन-चारदा. महिन्यातून एकदा केलं तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. पहिली पायरी चढायच्या आत गणपतीच्या स्टेजवर ढकललेलं पोर वर्षभर माइकजवळ फिरकत नाही. अर्ध्यात रडू फुटलं तर ओरडू नका. पायरी लहान करा, पण ती पुरी करूनच घरी या.

घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त गप्प असेल (शाळेचा पहिला महिना धरू नका), किंवा लोकांच्या भीतीनं शाळा, चारचौघांत खाणं सहा महिने टळत असेल, तर डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. डॉक्टरांकडे जाताना मूल घरी मोकळेपणानं बोलतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा; दवाखान्यात ते तोंड उघडेलच असं नाही.