प्रोसेसर बदलायचा की ओव्हरक्लॉक करायचा? आधी या चुका टाळा

गेम अडखळायला लागला की पहिला संशय प्रोसेसरवर येतो. मग तो बदलायचा की ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, असा प्रश्न पडतो. बऱ्याच घरांत असलेलं एक मशीन घेऊ: बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६०० आणि १६ जीबी रॅम.

सगळ्यात जास्त फसगत टास्क मॅनेजर बघताना होते. या प्रोसेसरला १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या १२ वाटा, आहेत, त्यामुळे एक थ्रेड काठोकाठ भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड तिथेच अडकलेला असतो आणि आपण ‘सीपीयू तर ४० टक्क्यांवरच आहे’ म्हणत नवीन ग्राफिक्स कार्डाच्या किमती बघायला लागतो. त्यापेक्षा व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद करा आणि गेमचं रिझोल्युशन १०८०वरून ७२०वर आणा. फ्रेम्स चांगल्या वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. होत्या तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरकडे वळा.

तरीही लगेच खरेदी नको. ३२०० मेगाहर्ट्झची रॅम आणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालूच केलं नसेल, तर ती २१३३ किंवा २४००वर रांगत असते. रायझनमधली इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरचे आतले भाग जोडणारी वाट, रॅमच्या वेगाशी बांधलेली असल्यामुळे त्याचा फटका थेट प्रोसेसरला बसतो. रॅमची एकच स्टिक असेल तर दुसरी आधी घ्या.

आता ओव्हरक्लॉकचा मोह. २६००चा बूस्ट, म्हणजे तो आपोआप गाठतो तो कमाल वेग, मुळातच ३.९ गिगाहर्ट्झ आहे. व्होल्टेज वाढवून सगळे कोअर साधारण ४ ते ४.१पर्यंत जातात आणि बदल्यात उष्णता आणि पंख्याचा आवाज वाढतो. रायझन ५ ५६०० त्याच एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या जागेत) बसतो, ६५ वॉटमध्ये ४.४पर्यंत जातो आणि त्याची रचनाही दोन पिढ्या पुढची आहे. गेमसाठी २६०० ओव्हरक्लॉक करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. इंटेलवाल्यांनी आधी मॉडेल बघावं: आय५-१२४००सारख्या ‘के’ नसलेल्या चिपचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, वर नेता येत नाही.

बदलायचं ठरलं तर बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा. नंतर आठवलं तर स्क्रीन काळीच राहते. कूलर काढताना मात्र घाई अजिबात नको. एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट थंड असताना घट्ट चिकटलेली असते. कूलर सरळ वर ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. पेस्ट गरम होऊन सैल पडावी म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवा, मशीन बंद करून प्लग काढा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, सैल झाला की उचला.

तरीही ओव्हरक्लॉक केलंच असेल, तर सिनेबेंचची (प्रोसेसरवर ताण टाकणाऱ्या चाचणीची) एक फेरी पार पडली म्हणून निर्धास्त होऊ नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘WHEA-Logger’च्या, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकांच्या, नोंदी दिसू लागल्या तर मशीन अजून बंद पडत नसलं तरी सेटिंग डळमळीत असू शकतं, वेग एक पायरी खाली आणा. जानेवारीत बसवलेलं सेटिंग विदर्भातल्या मे महिन्यात टिकेलच असं नाही, तेव्हा उन्हाळ्यात पुन्हा तपासा. मशीन सुरूच होत नसेल तर वीज तोडून सीएमओएस (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर करा, बायोस मूळ सेटिंगवर येतं.