वेल्डर घेताना जोड मोडून बघा

आयटीआयचं सर्टिफिकेट बघाच, पण वेल्डरला कामावर घेण्याआधी त्याच्या हातात वेल्डिंगचा होल्डर द्या. 6 मिमी एमएसच्या (साध्या पोलादाच्या) दोन पट्ट्या टी आकारात उभ्या लावा आणि 3.15 मिमीच्या रॉडने एकाच बाजूने, खालून वर वेल्ड मारायला सांगा. सपाट प्लेटवर बीड, म्हणजे वेल्डची रेघ, कुणाचीही बरी दिसते. आधी तो गंज घासतो का, अर्थिंगचा क्लॅम्प घट्ट लावतो का, दुसऱ्या थराआधी स्लॅग (वेल्डवर जमणारी कडक खपली) झाडतो का, यावर नजर ठेवा. मग जोड व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडा. आत स्लॅग किंवा छिद्रं दिसली म्हणून लगेच नकार देऊ नका. घासायची सवय असलेला पोरगा शिकतो, हे नक्की. चाचणीच्या दिवसाची मजुरी द्याच. पुढे पगार ठरल्या तारखेला, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने, आणि हेल्मेटची काच मागायच्या आधी बदलून.