लेनेचा बर्फ आणि वैनगंगेची रेती

लेना, येनिसेई, ओब या रशियातल्या सायबेरियातून उत्तरेला वाहणाऱ्या नद्यांचा अभ्यास वैनगंगेकाठी, चामोर्शी-आष्टीकडच्या घरी बसूनही होतो. नदीचं पाणी मोजणाऱ्या एका केंद्राच्या 60 वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे जेमतेम 22 हजार ओळी. साधा लॅपटॉप आणि मोबाईलचं नेट पुरतं. आकडे जर्मनीतल्या कोब्लेंझच्या जीआरडीसीकडे, म्हणजे जगभरच्या नद्यांच्या प्रवाहाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे मिळतात. लेनेसाठी क्युस्युर, येनिसेईसाठी इगार्का, ओबसाठी सालेखार्द हे केंद्र घ्या.

फाईल उघडली की आधी -999 शोधा. ती नोंद नसल्याची खूण आहे. तशीच राहिली तर सरासरी गडगडते आणि नसलेला दुष्काळ सापडतो. मग एकक. सरासरी 1 क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) प्रवाह म्हणजे वर्षाला सुमारे 3.15 कोटी घनमीटर. येनिसेईची सरासरी 18 हजार क्युमेक धरली तर साधारण 570 घनकिलोमीटर होतात. उत्तर हजारपटीनं हुकलं तर शून्यं मोजा. आपलं जलवर्ष, म्हणजे पाण्याच्या हिशेबाचं वर्ष, 1 जूनला सुरू होतं. तिथं 1 ऑक्टोबर धरा, म्हणजे हिवाळ्यात पडलेला बर्फ आणि त्याचं पाणी एकाच वर्षात बसतं.

खरी गोम पुढे आहे. विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, रोज कोणी मोजत नाही. मोजतात पाण्याची पातळी, आणि किती पातळीला किती पाणी वाहतं हे दाखवणाऱ्या ठरलेल्या वक्रावरून विसर्ग काढतात. वैनगंगेकाठच्या माणसाला हे पटकन उमजेल. घाटावरून रेती उपसली की पात्र खोल जातं. पट्टीवर पातळी तीच दिसते, पण वाहणारं पाणी जास्त असतं, म्हणून जुना वक्र कमी सांगतो. लेनेवर उलट होतं. वरचा बर्फ पाण्याला अडवतो, पातळी चढते, आणि उन्हाळ्याचा वक्र लावला की विसर्ग फुगून निघतो. त्यासाठी बर्फाला भोकं पाडून वेग मोजतात आणि त्यावरून दुरुस्तीचा गुणक लावतात. अशी मापं मोजकीच असल्यानं मधले दिवस अंदाजानं भरलेले असतात. सगळ्यात कच्चा आकडा बर्फ फुटतानाचा. नदी उत्तरेला वाहते, त्यामुळे वरच्या अंगाला बर्फ सुटतो तेव्हा खाली तो घट्टच असतो. लाद्या अडकून बांध पडतो आणि पाणी मागे तुंबतं. मे 2001 मध्ये लेन्स्क शहर असंच बुडालं. म्हणून वर्षातल्या सर्वोच्च विसर्गावर कल (वर्षानुवर्षं वाढ होते की घट) काढायला नवख्यानं जाऊच नये.

धरणंही घोळ घालतात. येनिसेईच्या खोऱ्यातली क्रास्नोयार्स्क, ब्रात्स्क ही धरणं उन्हाळ्यात पाणी अडवतात आणि हिवाळ्यात विजेसाठी सोडतात. इगार्काला हिवाळी प्रवाह वाढलेला दिसला की लगेच 'गोठलेली जमीन वितळली' असं लिहू नका. वैनगंगेच्या आष्टी केंद्राच्या नोंदीतही गोसेखुर्द धरणाच्या आधीचा आणि नंतरचा काळ वेगळा करावाच लागतो. वर्षाच्या बेरजेवर धरणाचा परिणाम त्या मानानं कमी. युरेशियातल्या सहा मोठ्या नद्यांचा एकत्रित प्रवाह 1936 ते 1999 या काळात सुमारे 7 टक्के वाढला, हा 2002 सालचा गाजलेला निष्कर्ष वार्षिक बेरजेवरच बेतलेला आहे.

कल खरा की योगायोग हे बघायला मान-केंडल चाचणी, आणि दरवर्षी किती बदल होतो हे बघायला सेनचा उतार वापरा. चाचणी प्रत्येक वर्षाची पुढच्या प्रत्येक वर्षाशी तुलना करते, म्हणजे 64 वर्षांत 2016 जोड्या. एकदा पाचच वर्षं घेऊन दहा जोड्या हातानं करून बघा, मग संगणकाला द्या. ओल्या वर्षामागे ओलं वर्ष येत असेल तर चाचणी उगाच 'कल आहे' म्हणते, त्यामुळे लगतच्या वर्षांचा सहसंबंध आधी तपासा. नंतर सुरुवातीचं वर्ष पाच-पाचनं पुढे सरकवत तीच चाचणी पुन्हा चालवा. उताराचं अधिक-उणे चिन्हच बदलत असेल तर तो कल अहवालात घालू नका.