या चुका टाळा: घाटांच्या बाइक टूरसाठी मुक्कामाचं गाव निवडताना

वाई, महाबळेश्वर, महाड, सातारा या पट्ट्यात बाइकवर तीन-चार दिवस काढायचं ठरलं, की बहुतेक ग्रुप आधी महाबळेश्वरात हॉटेल शोधतात. गणित तिथेच चुकतं. बघायचं गाव आणि रात्री गाडी लावायचं गाव ही दोन वेगळी असलेली बरी.

महाबळेश्वरात राहिलात की रोज सकाळी एक घाट उतरायचा आणि संध्याकाळी, मनगटं भरून आलेली असताना, पुन्हा चढायचा. शनिवार-रविवारी पाचगणीपासून लागणारी गाड्यांची रांग वेगळीच. पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ३२ किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत. वर दोरीवर टाकलेले ग्लोव्ह्ज सकाळी जसेच्या तसे ओले मिळतात आणि ते घालून दिवसभर क्लच-ब्रेक दाबत बसावं लागतं. वाईत तेच पंख्याखाली रात्रीत वाळतात. धुक्याची हौस असेल तर दिवसा वर जाऊन या, मुक्कामाला खाली उतरा.

वाईची खरी किंमत तिथून फुटणाऱ्या वाटांत आहे: पसरणी घाटाने पाचगणी, मांढरदेवीवरून भोर, सुरूरला पुणे-सातारा हायवे. त्यामुळे गेल्या वाटेने परत न येता लूप जमतात. छोटा लूप वाई, पाचगणी, महाबळेश्वर, केळघर घाट, मेढा, सातारा, वाई असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतो. मोठा लूप वाई, मांढरदेवी, भोर, वरंध घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई असा. तो सव्वादोनशेच्या घरात जातो.

मोठ्या लूपची दिशा उन्हाच्या हिशेबाने कुठलीही चालते. भोरकडून गेलात तर सकाळी पश्चिमेला उतरताना सूर्य पाठीशी असतो, आणि दुपारनंतर आंबेनळीने पूर्वेला चढतानाही पाठीशीच. उलटं गेलात तरी सकाळी आंबेनळीने पश्चिमेला उतरता आणि दुपारनंतर वरंधने पूर्वेला चढता, म्हणजे सूर्य पाठीशीच.

किलोमीटर मोजता, तास मोजत नाही

हायवेवर सव्वादोनशे किलोमीटर म्हणजे साडेतीन-चार तास. घाटात ताशी ३० ची सरासरी धरा, म्हणजे गाडी चालवण्यातच सात-साडेसात तास गेले. चहा, जेवण, फोटो धरून दहा. डिसेंबरात सहा वाजता सूर्य मावळतो, म्हणून साडेसहाला चाक हललं पाहिजे. नऊला निघालात तर पसरणी घाट अंधारात उतरणार. मग गावाला दोष देण्यात अर्थ नाही.

बंद घाटावर बेत बांधणं

अलीकडच्या पावसाळ्यांत वरंध घाट दरडींमुळे प्रशासनाच्या आदेशाने वरचेवर बंद झाला आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेनळीतही मोठ्या दरडी कोसळल्या. यातला एकही घाट बंद असला तर मोठा लूप मोडतो. मॅपवर रस्ता निळा दिसतो म्हणून तो उघडा आहे असं समजू नका. आदल्या संध्याकाळी भोर किंवा महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर चौकशी करा: महाडची गाडी घाटातून सुटतेय का? एसटी दुसऱ्या वाटेने वळवली असेल तर उत्तर मिळालं. जून ते सप्टेंबर वाईत राहून छोटा लूप करा आणि दुसरा दिवस साताऱ्याकडे कास, ठोसेघरला द्या. फुलांच्या हंगामात कासला आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, तेवढं विसरू नका.

एकाच गावातून सगळं

वाईहून कोयनानगर आणि कुंभार्ली घाट एका दिवसात करायला जाणारे निम्मा दिवस हायवेवरच काढतात. वाई ते कराड ८५ किलोमीटरच्या आसपास, आणि खरा घाट कोयनानगर ओलांडल्यावर सुरू होतो. साधी कसोटी अशी: सकाळी पहिलं चांगलं वळण ४० किलोमीटरच्या आत आलं नाही, तर मुक्काम हलवा. कुंभार्लीसाठी चिपळूण सोयीचं आहे, तिथून गुहागरचा समुद्रही ४५ किलोमीटरवर. फक्त पावसाळ्यात तिथे बाजारपेठेतलं लॉज आणि बेसमेंटचं पार्किंग घेऊ नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात बाजारातले तळमजले बुडाले होते. चढावरची जागा शोधा.

खोली बघता, गाडीची जागा बघत नाही

बुकिंगआधी फोनवर विचारायचं ते एवढंच: गाडी छताखाली, गेटच्या आत लागेल का, आणि पंक्चरवाला सकाळी किती वाजता उघडतो? स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते. तिथे ट्यूबलेसची दोरी-सुई उपयोगाची नाही. चाक काढून टायर उतरवावा लागतो. तुमची गाडी तशी असेल तर एक जादा ट्यूब आणि दोन टायर लिव्हर सोबत ठेवा. पावसातून आल्यावर चेन गरम असतानाच पुसून लूब मारा. सकाळी थंड चेनवर मारलेलं लूब आत मुरत नाही, चाकावर उडतं.

एक गोष्ट हमखास राहते. एकाच जागी मुक्काम असल्यामुळे सॅडलबॅग खोलीवर ठेवून तुम्ही रिकामे निघता, पण मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) पुणे-मुंबईहून सामानासह येताना वाढवलेला तसाच असतो. मग खडबडीत वळणावर मागचं चाक उड्या मारतं आणि लोक टायरला शिव्या देतात. पहिल्या सकाळी प्रीलोड दोन खाचा खाली आणा. हवाही गाडीच्या पुस्तिकेत एकट्या रायडरसाठी दिलेल्या आकड्याएवढी करा, टायर थंड असताना. परतीला सामान चढलं की दोन्ही पुन्हा वाढवा.

पेट्रोल मुक्कामाच्या गावातच, आदल्या रात्री. भोर सोडल्यावर महाडपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका.