उमेदवाराचं शपथपत्र कसं वाचावं: 'संपत्ती तिप्पट' म्हणण्याआधी

अर्ज भरायची मुदत संपली की ठरलेली बातमी येते: अमुक आमदारांची संपत्ती पाच वर्षांत तिप्पट. समर्थक म्हणतात, जमिनीचे भाव वाढले. विरोधक म्हणतात, खाल्ले. दोन दिवस धुरळा उडतो आणि शपथपत्र, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत दिलेला मालमत्तेचा जाहीर कागद, उघडून कुणीच बघत नाही. मी गेल्या चार विधानसभा निवडणुका हे कागद वाचतोय. दर वेळी तोच पोरकट हिशोब बघून आता वैताग येतो: नवी बेरीज भागिले जुनी बेरीज. तुम्हाला खरंच काही शोधायचं असेल तर ती 'पट' आधी डोक्यातून काढून टाका.

कागद मिळवा

विधानसभा-लोकसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात, जुनी 'मायनेता' या संकेतस्थळावर. महापालिका, जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे जा, ते दुकान वेगळं आहे. तयार तक्त्यावर विसंबू नका, मूळ स्कॅन उतरवून घ्या. एकाच उमेदवाराची दोन-तीन शपथपत्रं दिसली तर चूक दुरुस्त करून शेवटी दिलेलं घ्या. आणि मागच्या निवडणुकीचंही हवंच. एकट्या कागदावरून काहीही कळत नाही.

कुणाचे रकाने आहेत ते बघा

शपथपत्र ज्या ठरलेल्या तक्त्यात भरतात त्या नमुना २६ मध्ये उमेदवार, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती असे रकाने असतात. अवलंबित म्हणजे ज्यांना स्वतःचं उत्पन्न नाही आणि जे उमेदवारावर पोसले जातात ते. कमावता मुलगा, सून, भाऊ यांचं काहीही इथे येत नाही, आणि ते कायद्याला धरूनच आहे. म्हणून मागच्या वेळी अवलंबित असलेला मुलगा या वेळी रकान्यातून गायब झाला असेल तर समासात खूण करा. त्याच्या नावावरचं सगळं त्याच्याबरोबर कागदाबाहेर गेलेलं असतं.

प्राप्तिकराचा तक्ता

पॅन क्रमांकाच्या खाली गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं एकूण उत्पन्न दिलेलं असतं. ही पाच वर्षं २०१९ च्या फेब्रुवारीत नमुना बदलल्यापासून आली. त्याआधी एकाच वर्षाचा आकडा असायचा, म्हणून २०१४ च्या कागदावर पुढचा हिशोब नीट बसत नाही.

इथे एक फसगत आहे. नमुना आर्थिक वर्ष विचारतो, पण पुष्कळ उमेदवार आकारणी वर्ष लिहून मोकळे होतात. आकारणी वर्ष २०२३-२४ म्हणजे आर्थिक वर्ष २०२२-२३. वर्ष सरकलं तर सगळी तुलना सरकते.

विवरणपत्रच बघायला माहिती अधिकारात अर्ज टाका, असा सल्ला अजून फिरतो. अर्जाचे दहा रुपये वाचवा. सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ सालीच विवरणपत्रं ही वैयक्तिक माहिती ठरवली आहेत. व्यापक जनहित दाखवता आलं तरच ती मिळतात, आणि 'मला संशय आहे' हे जनहित होत नाही.

वाढीची फोड: इथेच सगळे आपटतात

मीही आपटलो होतो. २०१४ साली तालुक्याच्या एका साप्ताहिकात मी एका उमेदवाराची संपत्ती सहापट झाल्याचं ठोकून दिलं. चौथ्या दिवशी तो माणूस दोन्ही शपथपत्रं आणि सातबारा घेऊन कार्यालयात आला. आवाज न चढवता त्याने दाखवलं की जमीन तीच, गट तोच, क्षेत्र तेच. २००९ साली त्याने रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर लावला होता, २०१४ साली शेजारच्या प्लॉटिंगचा. पाच वर्षांत त्याने घेतलं होतं काय, तर एक ट्रॅक्टर. खुलासा छापावा लागला. त्याहून वाईट म्हणजे पुढची दोन वर्षं माझं कुणीही खरं मानेना.

गोम अशी की नमुन्यात मालमत्तेचं 'अंदाजे चालू बाजारमूल्य' विचारतात आणि ते उमेदवार स्वतः ठरवतो. कुणी रेकनरचा दर लावतो, कुणी दलालाचा, कुणी मागच्याच कागदावरून उतरवतो. त्यामुळे एकूण बेरजेतला मोठा भाग हा नुसता अंदाजातला फरक असू शकतो. पण त्याच पानावर दुसरे रकानेही असतात: वडिलोपार्जित आहे का, खरेदीची तारीख, खरेदीच्या वेळची किंमत, नंतर बांधकामावर केलेला खर्च. खरा माल या रकान्यांत आहे, आणि बातमीत नेमके तेच येत नाहीत.

म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: जुनी, नवी, गेली. जुन्या मालमत्तेची वाढलेली किंमत हिशोबातून पूर्ण वगळा. सोन्याचंही तेच, ग्रॅम बघा, रुपये नको. तेवढेच २०० ग्रॅम २०१९ च्या निवडणुकीत साधारण साडेसात लाखांचे होते आणि २०२४ च्या निवडणुकीत पंधरा लाखांचे, एक अंगठीही न घेता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २०१९ साली पाच एकर वडिलोपार्जित जमीन दीड कोटी, फ्लॅट ९० लाख, ठेवी ४० लाख, सोनं साडेसात लाख. बेरीज २ कोटी ८७ लाख ५० हजार. २०२४ साली तीच जमीन पाच कोटी, तोच फ्लॅट दीड कोटी, ठेवी ७० लाख, तेवढंच सोनं १५ लाख, एक नवा गाळा १ कोटी ४० लाख आणि नवी गाडी २५ लाख. बेरीज नऊ कोटी. मथळा तयार: संपत्ती तिपटीहून जास्त, सहा कोटींची वाढ!

आता फोड करा. जमीन, फ्लॅट आणि सोनं जुनं, म्हणून बाजूला. खिशातून पैसा गेला तो तीनच ठिकाणी. ठेवी ३० लाखांनी वाढल्या. गाळा खरेदीच्या रकान्यानुसार १ कोटी २० लाखांना घेतला, आणि इथे आजचे १ कोटी ४० लाख धरायचे नाहीत. गाडीचे २५ लाख. एकूण १ कोटी ७५ लाख. दायित्वाच्या, म्हणजे देण्यांच्या, पानावर ६० लाखांचं नवं बँककर्ज आहे, ते वजा करा. स्वतःचे लागले १ कोटी १५ लाख. आता नवरा-बायको दोघांचं पाच वर्षांचं उत्पन्न मिळवा: त्याचं ५५ लाख, तिचं २० लाख, मिळून ७५ लाख. म्हणजे ४० लाखांचा मेळ बसत नाही, आणि यात कर, घरखर्च आणि गाळ्याचं मुद्रांक शुल्क अजून धरलेलंच नाही.

सहा कोटी हा प्रश्नच नव्हता. प्रश्न ४० लाखांचा आणि वर घरखर्चाचा आहे. आकडा लहान झाला म्हणून हिरमुसू नका. सहा कोटींना 'भाव वाढले' हे उत्तर पुरतं. ४० लाखांना पुरत नाही.

'गेली' लिहिलेल्या नोंदी मात्र विसरू नका. २०१९ च्या कागदावरचा एखादा प्लॉट २०२४ मध्ये नसेल तर तो विकला असेल, आणि त्याच पैशातून गाळा आला असेल. वाटणीत भावाकडे गेला असेल तर पैसा आलाच नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाची नोंद, बघितल्याशिवाय कळत नाही.

मेळ बसत नाही म्हणजे चोरी नव्हे

तक्त्यातलं 'एकूण उत्पन्न' हे हाती आलेल्या पैशाचं माप नाही. भागीदारी फर्म स्वतःचा कर भरते आणि भागीदाराच्या वाट्याचा नफा त्याच्या हाती करमुक्त असतो, म्हणजे फर्ममधून कोटी उचलणाऱ्याचंही एकूण उत्पन्न आठ लाख दिसू शकतं. घसाऱ्यामुळे, म्हणजे यंत्रं-गाड्यांच्या झिजेच्या कागदोपत्री वजावटीमुळे, उत्पन्न कमी दिसतं, पैसा मात्र हातातच असतो. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, वारशावरही नाही.

आणि शेती. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे ज्याचा पत्ता लागत नाही ते सगळं या विहिरीत ढकलतात. इथे माझं मत पक्कं आहे: 'शेतीतून आले' हे उत्तर सातबारा बघितल्याशिवाय स्वीकारू नका आणि फेटाळूही नका. सातबाऱ्याचा खालचा भाग, म्हणजे गाव नमुना बारा, त्या वर्षी शेतात कोणतं पीक होतं ते सांगतो. बागायती द्राक्षं किंवा ऊस असेल तर आकडा शक्य आहे का, हे गावातला कुठलाही शेतकरी एका वाक्यात सांगेल. पाच एकर जिरायत, त्यात दोन वर्षं 'पड' आणि उत्पन्न वर्षाला वीस लाख, असं असेल तर मग विचारायला जागा आहे.

जमिनीचा पडताळा

महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो, डिजिटल स्वाक्षरीचा १५ रुपयांत मिळतो. शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका बघा. सातबाऱ्यावर किंमत नसते. किंमत असते सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात, आणि ती नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर व वर्ष टाकून शोधता येते. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे दिसतात. शपथपत्रातली खरेदीची किंमत यातल्या मोबदल्याशी जुळायला हवी.

सामाईक सातबारा बघून आरडाओरड करू नका. वर नऊ नावं असली आणि क्षेत्र बारा हेक्टर असलं तरी उमेदवाराचा हिस्सा सव्वा हेक्टर असू शकतो.

कागदावर जे येत नाही

कंपनीची, शिक्षण संस्थेची किंवा ट्रस्टची जमीन उमेदवाराच्या यादीत नसते. त्याच्या नावावर फक्त शेअर दिसतात, आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर तेही वहीतल्या किमतीने. दहा रुपयांचे दहा हजार शेअर म्हणजे 'एक लाख', आणि त्या कंपनीच्या नावावर एमआयडीसीत भूखंड. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं आणि कंपनीच्या मालमत्तेवरचे बोजे बघता येतात. 'वैयक्तिक कर्ज दिलेले' या नोंदीत स्वतःच्याच कंपनीचं नाव आलं तर तिथून सुरुवात करा.

दायित्वाच्या पानावर घरपट्टी, वीज आणि प्राप्तिकराची थकबाकी असते, वादातल्या रकमा वेगळ्या. हे पान लोक उलटून टाकतात. किसन कथोरे यांची अंबरनाथची २००४ सालची निवडणूक रद्द झाली ती वीजबिलाची थकबाकी, पत्नीच्या नावावरचा बंगला आणि गाडी, भागीदारी फर्मची मालमत्ता अशा गोष्टी न सांगितल्यामुळे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

पण लगेच प्रत्येक सुटलेल्या मोटारसायकलवर तुटून पडू नका. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलच्या कारिखो क्री यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराने प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करायलाच हवी असं नाही. वस्तू मोठ्या किमतीची किंवा राहणीमानाबद्दल काही सांगणारी हवी. तिथे मुद्दा होता आधीच देऊन-विकून टाकलेल्या, पण आरटीओत नाव न बदललेल्या तीन जुन्या गाड्यांचा.

विचारा, मग लिहा

हिशोब एका पानावर मांडा आणि उमेदवाराला लेखी पाठवा, आठवडाभर थांबा. 'बेहिशेबी' हा शब्द वापरू नका, तो ठरवणं प्राप्तिकर खात्याचं काम आहे. 'जाहीर उत्पन्न इतकं, नवी खरेदी इतकी, फरक इतका, उमेदवाराचं म्हणणं असं' एवढंच लिहा. बदनामीच्या नोटिशीला असं वाक्य पुरून उरतं.

माहिती खोटी किंवा लपवलेली आहे असा कागदी पुरावाच हाती असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ क (इंग्रजीत 125A) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणूकच रद्द करून घ्यायची असेल तर याचिका उच्च न्यायालयात, विजयी उमेदवार जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत. सेहेचाळिसाव्या दिवशी वकिलाकडे पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत, सगळे कागद हातात घेऊन.

माझ्या त्या ट्रॅक्टरवाल्या उमेदवाराला मी २०२४ मध्ये पुन्हा पत्र पाठवलं. या वेळी फरक ११ लाखांचा होता. त्याने विकलेल्या प्लॉटच्या सूची दोनची प्रत पाठवून दिली, मेळ बसला आणि मी बातमी केली नाही.