ग्रामसभेत शब्दावरून वाद पेटतो? या चुका टाळा

'मेगा प्रोजेक्ट नको' असा ठराव आला की गोव्यातल्या कुठल्याही ग्रामसभेत हात पटापट वर होतात. मग कुणीतरी वीस फ्लॅटची बिल्डिंग घेऊन येतो आणि भांडण सुरू, कारण एकाच्या मते मेगा म्हणजे शंभर फ्लॅट आणि दुसऱ्याच्या मते गावच्या पाण्यावर ताण येईल ते सगळंच मेगा. दोघंही मनापासून बोलत असतात, पण ठराव घेताना आकडा कुणीच विचारलेला नसतो. किती फ्लॅट, किती मजले, किती चौरस मीटर हे सेक्रेटरीला ठरावातच लिहायला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ 'जंगल' या शब्दाचा. खाजगी जंगल ओळखायचे गोव्यात निकष ठरलेत: 75 टक्के झाडं जंगली जातीची, जागा सरकारी जंगलाला लागून किंवा सुटी असेल तर निदान 5 हेक्टर, आणि झाडांच्या छताची घनता किमान 0.4, म्हणजे साधारण 40 टक्के जमीन झाडांनी झाकलेली. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच निकष कायम ठेवले. पण गावात रान म्हणतात त्यात काजूचं भाट, म्हणजे बाग, पण येतं न् देवराई पण येते. मग एकजण ओरडतो "समोर दिसतंय ते जंगल नाही म्हणतोस?" आणि दुसरा "कागदावर कुठंय दाखव" म्हणून अडून बसतो, तास गेला तरी दोघंही तिथेच. अशा वेळी तो शब्दच जरा बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, बाबांनो या सर्व्हे नंबरातली झाडं तोडायला द्यायची की नाही? खरा मतभेद काय आहे तो लगेच कळतो, मला तर हाच उपाय सगळ्यात कामाचा वाटतो.

अर्थ मध्येच बदलू नका. 'गोंयकार' (गोव्याचा माणूस) म्हणताना सुरुवातीला इथे राहणारा प्रत्येकजण धरायचा आणि वाद तापला की पिढीजात गावचा तोच खरा म्हणायचं, हे अन्यायाचं आहे, समोर वर्षानुवर्षं इथे राबणारा माणूस बसलेला असतो आणि त्याला ते लागतं. तिथल्या तिथे थांबवून विचारा, "आता कुठल्या अर्थाने बोलताय?"

आणि हो, व्याख्येतच अख्खी सभा घालवू नका. निर्णयाला लागेल तेवढाच अर्थ पक्का करा, तरीही जमलं नाही तर दोन अर्थांचे दोन वेगळे ठराव मांडा आणि दोन्हींवर मत घ्या.