टॅटूचा ऋतू निवडताय? या चुका टाळा

ऊन तापायला लागलं, बिनबाह्यांचे कपडे कपाटातून बाहेर आले, की आमच्याकडे गर्दी उसळते. ज्या मोसमात टॅटू मिरवायचा, त्याच मोसमात तो काढायचाही असतो सगळ्यांना. आणि तोही आजच्या आज. ताजा टॅटू ही जखम आहे, हे मशीन बंद झालं की कुणाच्या लक्षात राहत नाही. शाई कातडीच्या आतल्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल बसते. वरची कातडी भरून यायला २ ते ४ आठवडे लागतात, आतलं काम त्यानंतरही काही महिने चालू असतं. म्हणून 'कुठला ऋतू चांगला?' असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो, पुढचा महिनाभर तुम्ही काय करणार आहात?

सहलीच्या तोंडावर टॅटू

या चुकीचा मला मनापासून वैताग आहे. एका पोराला पोटरीभर ऑक्टोपस हवा होता, गच्च काळ्या शेडिंगचा. आठवड्याभरात मित्रांसोबत समुद्रावर जायचं होतं. 'दादा, पाण्यात पाय नाही घालणार, शप्पथ.' असल्या शपथा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. म्हटलं, जाऊन ये, मग काढू. तो गेला आणि दुसरीकडून काढून घेतला.

परत आला तो पोटरी सुजवून. वर चिकटवलेली पारदर्शक फिल्म वॉटरप्रूफ आहे म्हणून खुशाल पोहला होता. अशी फिल्म चार शिंतोडे अडवते, तासभराचं पोहणं नाही. घाम आणि हालचालीने तिची कड सुटली, खारं पाणी आत शिरलं आणि तिथेच कोंडलं. त्याला 'तेवढं टच-अप' करून हवं होतं. पू दिसत असताना सुई लावायची? आधी डॉक्टरकडे धाडला. संसर्ग गेला, पण खपल्यांबरोबर शाईही गेली होती आणि दोन ठिकाणी उंचवट्याचा व्रण राहिला. व्रणावर शाई एकसारखी धरत नाही. कातडी निवायला काही महिने दिले, मग जमेल तेवढं सावरलं. नीट पाहिलं तर ऑक्टोपसचे दोन पाय अजून वेगळे दिसतात.

तो स्वस्तात सुटला. २०१७ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात एका ३१ वर्षांच्या माणसाची नोंद आली. टॅटू काढून पाच दिवस झाले होते आणि तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. त्याला यकृताचा जुना आजार होता. खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू जखमेतून आत गेला आणि पुढे तो माणूस दगावला. असं क्वचित घडतं, मान्य. पण पोहण्याचा तलाव असो, नदी असो की बाथटब, जखम भरेपर्यंत बुडवायची नाही म्हणजे नाही. शॉवर चालतो.

माझी सवय साधी आहे: सहलीच्या तारखेपासून मागे मोजायचं. छोट्या कामाला किमान महिना. मोठं काम दोन-तीन सिटिंगचं असेल, तर दर दोन सिटिंगमध्ये तीन-चार आठवडे धरा, म्हणजे उन्हाळ्यात दाखवायचा टॅटू हिवाळ्यातच सुरू करावा लागतो.

'हिवाळा आहे, मग काळजी कसली?'

हिवाळा मलाही आवडतो. ऊन कमी, घाम कमी, अंग झाकलेलं. पण लोक त्याला विमा समजतात. कोरड्या हवेत कातडी ताणते, खाज सुटते, नखं चालतात. लोकरीची बाही दिवसभर घासते, तिचे धागे खपलीत अडकतात आणि स्वेटर काढताना खपली उपटून येते. वर कडकडीत पाण्याची आंघोळ. आत सैल, धुतलेला सुती कपडा घाला, पाणी कोमट ठेवा. आणि मलम पातळ लावा! जाड थर दिला की लवकर बरं होतं, हा अधीर लोकांचा शोध आहे. त्याने खपली भिजून मऊ पडते आणि रंग घेऊन सुटते.

बाकीच्या, थोडक्यात

उन्हाने भाजलेल्या कातडीवर टॅटू काढायला येऊ नका. लाली जाऊ द्या, सालं निघू द्या.

ताज्या टॅटूवर सनस्क्रीन नको, सैल कपड्याने झाका. पूर्ण भरल्यावर मात्र एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, कायमचं. ऊन शाई फिकी करतं, मग ती कुठल्याही ऋतूत भरलेली असो.

दमट हवेत फिल्मखाली घाम साठून पाणी हलताना दिसलं, तर ती काढा, धुवा, नवी लावा. 'पाच दिवस ठेवायला सांगितलंय' म्हणून तशीच ठेवू नका.

पावसाळ्यात पाऊल आणि घोटा नकोच. ओल्या बुटात जखम सुकणार कधी?

ताप असेल तर तारीख पुढे ढकला, मला राग येत नाही. सर्दी घेऊन टेबलावर शिंकणाऱ्यांचा येतो.